अगं आणि थँक यू

आमच्या घरी दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस घसे एकदम आभार मानायला लागत. आधी आप्पांचा आवाज, मग त्या सगळ्यांचा. थँक यू. थँक यू व्हेरी मच. दॅट्स सो काइंड ऑफ यू. महाडच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत आम्ही माडीवर राहत होतो आणि खाली भुसार मालाचं दुकान होतं. तिथं मिरच्यांचं पोतं सोडलं की खकाणा थेट वर यायचा, त्यामुळे निम्मे आभार खोकल्यात जायचे. दुकानाचे शेठ जिन्याखाली उभे राहून म्हणायचे, "सर, जरा बेताने माना आभार, गिऱ्हाईक विचारतंय वर कुणाचा सत्कार आहे म्हणून." मी मधल्या खोलीत पुस्तक पुढ्यात धरून बसलेली असायची आणि आई आत बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत असायची. सोलताना तिची बोटं चालायची आणि ओठही. ऐकून ऐकून तिला तो सगळा धडा पाठ झाला होता, पण मोठ्याने तिने तो कधी म्हटला नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळचा हा वर्ग मात्र त्यांच्या हौसेचा. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली, नाते, तुडील या गावांकडची मुलं-मुली यायची. कुणाला मुंबईला हॉटेलात लागायचं असायचं, कुणाला एमआयडीसीतल्या कंपनीत मुलाखत असायची, एखादी नर्सिंगला निघालेली असायची. व्याकरण त्यांना शाळेने शिकवलं होतं, पण तोंड उघडत नव्हतं. आप्पा म्हणायचे, "तुम्हाला भाषण नाही करायचं. चार माणसांत वावरायचं आहे." आणि वावरायला लागणाऱ्या गोष्टींत त्यांनी पहिला नंबर आभारांना दिला होता. पोरं येताना रिकाम्या हाताने येत नसत. करटुली, चवळीच्या शेंगा, परसातली अंडी, एकदा तर एकाने जिवंत कोंबडाच आणला, तो जिन्यावरून निसटून शेठच्या तांदळात जाऊन बसला. आई त्यांचे डबे-पिशव्या कधी रिकाम्या परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.

त्या धड्यात आप्पांनी पायऱ्या पाडल्या होत्या. एसटीत कुणी सरकून जागा दिली तर नुसतं थँक्स. साहेबाने रजा दिली तर थँक यू, सर, आणि मान किंचित खाली. कुणी आपल्यासाठी वाट वाकडी करून आलं तर इट वॉज व्हेरी काइंड ऑफ यू. आणि ज्याचं ऋण या जन्मात फिटायचं नाही त्याला आय कान्ट थँक यू इनफ. हे शेवटचं म्हणताना आप्पांचा आवाज नकळत उतरायचा. संतोष नावाचा एक मुलगा होता, पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीचा, आप्पांचा फार लाडका. त्याने एकदा विचारलं, "सर, आमच्या वाडीत लावणीला सगळी एकमेकांच्या शेतात राबतात, पण असलं कोण बोलत नाय. बोललं तर समोरचा म्हणंल, ह्याचं काय बिनसलं काय?" आप्पा उत्तर शोधत होते तोवर आतून आईच म्हणाली, "बोललं का फिटलं, रे. ज्याला फेडून मोकळं व्हायचं हाय त्याने बोलावं." पोरं हसली. आप्पाही हसले, आणि म्हणाले, "हिचं खरं आहे, पण हे हॉटेलच्या मॅनेजरला सांगू नका."

आणखी एक दिवस आठवतो. धड्याला प्रात्यक्षिक हवं म्हणून आप्पांनी आईला बाहेर बोलावून घेतलं. ती चहाचा कप घेऊन आली. आप्पांनी कप घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी साहेबी ढंगात म्हणाले, "थँक यू सो मच." आई जागच्या जागी थबकली. वर्ग आवाज न करता हसत होता. "हे काय आता? मी काय हॉटेलातली हाय?" असं म्हणून ती आत गेली ती वर्ग सुटेपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं लाजली असेल. पण ताटं उचलताना ती आप्पांना म्हणाली, "परक्याला म्हणतात ते. मला नको." आप्पांनी थट्टेवारी नेलं. कान धरले आणि म्हणाले, "नाही म्हणणार बाई, जन्मात नाही म्हणणार."

गावात मात्र आप्पा आभारांसाठीच प्रसिद्ध होते. शाळेचं स्नेहसंमेलन असो, वाचनालयाचा कार्यक्रम असो, गणपतीतलं व्याख्यान असो, आभारप्रदर्शनाला सर. मंडपवाल्यापासून माईकवाल्यापर्यंत कुणाचं नाव राहायचं नाही. पण आपल्याकडे आभारप्रदर्शन कोण ऐकतं? ते उभे राहिले की सतरंज्यांवरची माणसं चपला चाचपायला लागायची. आयाबाया पोरांना काखेत मारायच्या. ते "मी सर्वांचा ऋणी आहे" पर्यंत पोहोचायच्या आत अर्धा मंडप मोकळा. महाडात कितीतरी वर्षं 'सर उठले' याचा अर्थ 'चला घरी' असाच होता. आप्पांना याचं वाईट वाटायचं नाही. ते म्हणायचे, "माणसं वेळेवर घरी पोचतात, हेही एक कार्यच आहे."

आप्पांनी आईला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तेव्हा आमच्या ओळखीत कुणाच्याच घरी ती रीत नव्हती. तिचं नाव रेशनकार्डावर होतं, घरात ती 'अगं' होती. पण त्या एवढ्याशा अगंमध्ये काय काय भरलेलं असायचं. सकाळचं अगं म्हणजे चहा. चष्मा सापडत नसला की तुटक, रागीट अगं, जणू तिनेच तो लपवलाय. शाळेतून येताना जिन्यातूनच लांबवलेलं अगं म्हणजे आज काहीतरी सांगण्यासारखं घडलंय. आणि बिरडं मनासारखं जमलं असलं की घास तोंडात असतानाच 'अगं' म्हणून ते थांबायचे, पुढे काही बोलायचे नाहीत, भातात बोटाने खळगा करून ताट पुढे सरकवायचे. आई वाढायची. मग ती स्वतःचं ताट वाढून घ्यायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. आता माझी सून चहाचा कप हातात घेताना "थँक यू, आई" म्हणते. गुणी मुलगी आहे, मनापासून म्हणते, आणि मी हसून घेते. त्या शब्दामागचं तिला कशाला सांगू.

मी बारावीला होते. सकाळची वेळ, आप्पा शाळेत जायला निघाले होते. आरशासमोर उभे राहून शर्टाचं वरचं बटण लावत होते आणि ते लागत नव्हतं. मी बघत होते. मला गंमत वाटली, कारण ते बटण काजाच्या भलतीकडेच नेत होते. "अगं," ते म्हणाले. आईने ऐकलं, पण तांदळाची भाकरी थापून झालेली, हातावर घेतलेली, ती तव्यावर टाकल्याशिवाय कशी सोडणार? ती टाकून, वरून पाणी फिरवून ती बाहेर आली, तोवर आप्पा भिंतीला धरून खाली बसले होते आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गल्लीतल्या माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून उतरवलं. महाडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मुंबईला न्यायला सांगितलं. जीपमध्ये आईच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं आणि ती सगळ्या रस्त्यात एकच बोलत होती, भाकरी ठेवून यायला हवं होतं. डॉक्टरांनी तिला पुढे नीट समजावलं की दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. ते तिच्या डोक्याला पटलं असेल, जिवाला पटलं नाही.

मुंबईच्या इस्पितळात आप्पा कितीतरी दिवस नुसते पडून होते. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, आणि वाचा पूर्ण गेली. डोळे तेवढे आमच्या मागे फिरायचे. एका सकाळी नर्सने त्यांना चमच्याने पाणी पाजलं, आणि आप्पा स्पष्ट, स्वच्छ, वर्गात म्हणायचे तशा उच्चारात म्हणाले, "थँक यू." मी पळत जाऊन आईला व्हरांड्यातून बोलावून आणलं. ती आली, तिने त्यांचा हात धरला, आणि आप्पा तिच्याकडे बघून म्हणाले, "थँक यू." त्या दिवशी आम्ही मायलेकी आनंदाने रडलो. आईने शेजारच्या खाटांपाशी बसलेल्या बायकांनाही सांगितलं, "बोलले. आता बाकीचंबी येईल." पण दिवस गेले आणि बाकीचं काही येईना. डॉक्टर भला माणूस होता. त्याने आम्हाला खुर्चीवर बसवून सांगितलं की आजारात असं होतं कधीकधी. आयुष्यभर घोकलेलं, तोंडात बसलेलं एखादं वाक्य तेवढं मागे राहतं. मनात सगळं आहे, बाहेर यायला वाट तेवढीच उरली आहे. आई ऐकत होती. मग तिने विचारलं, "मंग अगं कसं नाय ऱ्हायलं, डॉक्टर? ते काय त्यांनी कमी वापरलं?" डॉक्टरला आधी प्रश्नच कळला नाही. मला तो समजावून सांगावा लागला.

आम्ही महाडला परतलो आणि घरात नवा संसार सुरू झाला. आप्पांची खाट बाहेरच्या खोलीत, जिथं वर्ग भरायचा तिथंच, दाराकडे तोंड करून. पाणी हवं, थँक यू. पंखा नको, थँक यू. पाठ दुखतेय, थँक यू. आईने पेज गरम गरम भरवली तेव्हा चटका बसून त्यांनी डाव्या हाताने वाटी भिरकावली आणि भिंतीकडे तोंड करून ओरडले तेही तेच. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना कळत होतं. ओठ वेगळंच काहीतरी म्हणायला वळायचे, कपाळावर शीर उभी राहायची, आणि बाहेर पडायचं थँक यू. मग ते स्वतःच दचकायचे, जणू दुसरंच कुणी मध्ये बोललं. जन्मात नाही म्हणणार असं ज्यांनी कान धरून कबूल केलं होतं त्यांच्या तोंडी देवाने दिवसरात्र तेवढंच ठेवलं. त्या वयात मला देवाचा इतका संताप आला होता की मी गावच्या वीरेश्वराच्या देवळासमोरून जातानासुद्धा हात जोडायची नाही.

आईने मात्र वीरेश्वराला नवस केला. तिला सगळी भाषा परत नको होती. "सगळं नाय मागत," ती म्हणायची, "एक अगं दे. एकदा मारू दे हाक, मी लगेच जाते." तिला त्या सकाळच्या हाकेला ओ द्यायची राहिली होती आणि ती द्यायची संधी तिला पाहिजे होती, हे तेव्हाही मला कळत होतं. रोज सकाळी मधात वेखंड उगाळून ती आप्पांच्या जिभेला लावायची, लहान मुलाची जीभ सुटावी म्हणून लावतात तसं. आप्पा तोंड वाकडं करायचे पण लावून घ्यायचे. चहा झाला की ती समोर पाट घेऊन बसायची. "अगं म्हणा. नुसतं अ म्हणा, पुढचं मी लावून घेते." आप्पा तिच्या तोंडाकडे एकाग्र होऊन बघायचे. शाळेत कुणी मंद विद्यार्थी असला की ते जेवढं थांबायचे तेवढंच आता ती थांबायची. तोंड उघडायचं, अ दिसायचा, अगदी दिसायचा, आणि मग थँक यू. "मी परकी हाय का हो?" एकदा तिचा तोल गेला. "एवढी वर्सं झाली, मला पावण्यासारखं आभार मानताय?" आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी तिने स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं आणि पदराने त्यांचे डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेखंड, पुन्हा पाट.

भेटायला माणसं खूप यायची. शिक्षक, जुने विद्यार्थी, मंडळातले, शेठ. यायची, खुर्चीच्या कडेवर टेकायची, "कसं वाटतंय सर?" विचारायची. आप्पांना माणसांची भूक होती. कुणी आलं की चेहरा उजळायचा, डावा हात पुढे यायचा आणि ते भरभरून म्हणायचे, "थँक यू." आणि माणसं उठायची. खरंच सांगते, उठायची. वर्षानुवर्षांची सवय. सरांनी आभार मानले, म्हणजे झालं. चपला चाचपत जिन्याकडे निघायची, आणि आप्पा मागून आणखी मोठ्याने थँक यू म्हणायचे, तसतशी ती आणखी भराभर उतरायची, बिचाऱ्या सरांना त्रास नको म्हणून. खाली शेठला सांगायची, "काय माणूस आहे बघा, एवढ्या आजारात पण उठून आभार मानतात." मला हे दिसत होतं, पण काय दिसतंय ते नीट कळत नव्हतं. मी दार उघडायची आणि दार लावायची.

मग एक दिवस संतोष आला. त्याला मुंबईत एका हॉटेलात काउंटरवर नोकरी लागून वर्ष होऊन गेलं होतं. पायांत बूट, केस चापून बसवलेले, हातात सफरचंदांची पिशवी. पोलादपूरला घरी जाता जाता मुद्दाम महाडला उतरला होता. त्याला बघून आप्पांना काय आनंद झाला म्हणून सांगू. उशीवरून अर्धे उठले. आई आतून म्हणाली, "संतोषा, बस रे, घावणे टाकतेय, खाल्ल्याबिगर जायचं नाय." आप्पा म्हणाले, "थँक यू." संतोष हात जोडून म्हणाला, "नो सर, थँक यू. तुमच्यामुळं आज मी उभा हाय." आणि मग त्याने, आप्पांना बरं वाटावं म्हणून, सगळा धडा म्हणून दाखवला. थँक्स अ लॉट. मच ऑब्लाइज्ड. सो काइंड ऑफ यू. शेवटी खाली वाकून म्हणाला, "आय कान्ट थँक यू इनफ, सर." आप्पांचा हनुवटीपासून सगळा चेहरा थरथरत होता. "थँक यू," ते म्हणाले. "थँक यू. थँक यू." संतोष उठला. त्याला वाटलं सर थकले. आप्पांनी डाव्या हाताने त्याच्या शर्टाची बाही धरली, घट्ट धरली, आणि पुन्हा तेच. संतोषला तो आशीर्वाद वाटला. त्याने तो हात सोडवून आपल्या कपाळाला लावला, डोळे पुसले, आणि "काकींना सांग, परत येतो सवडीने" असं मला म्हणत जिना उतरला.

आई घावण्यांची ताटली आणि नारळाचा चव घेऊन बाहेर आली. खुर्ची रिकामी. "गेला?" तिने विचारलं. "अगो सुमे, गेला कसा? ते त्याला बस म्हणत होते. मी आतून ऐकत होते, किती आर्जवं करत होते, बस रे, बस रे, आणि तू त्याला जाऊ दिलंस?" मी आप्पांकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते आणि डावा हात तसाच पुढे होता, बाही धरलेली असावी तसा मुडपलेला. मी चप्पलसुद्धा न घालता एसटी स्टँडपर्यंत पळाले. पोलादपूरची गाडी सुटली होती. परत आले तेव्हा ताटली स्टुलावर होती, घावणे गार झाले होते आणि आई खाटेवर आप्पांना टेकून बसली होती. "मी हाय ना," ती म्हणत होती, "मला म्हणा बस, मी बसते." आप्पा म्हणाले, "थँक यू." "बसलेच हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेखंड उगाळलं गेलं नाही. पाटही मांडला नाही. सकाळी बाहेरच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, थँक यू, आणि आई आतून म्हणाली, "आले." एवढंच. हातातला चहा तसाच टाकून ती गेली, त्यांची उशी सारखी केली, आणि परत येऊन मोरीपाशी तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेले तर म्हणाली, "त्यांच्याकडं एकच भांडं ऱ्हायलंय गो. त्यातूनच पाणी, त्यातूनच पेज. आणि मी येडी रोज भांडं बदलून मागतेय." त्या सकाळी आईने आपली हाक सोडली. नवसासाठी बाजूला काढून ठेवलेला नारळ तिने फोडला आणि त्या खोबऱ्याची आमटी केली.

त्यानंतर घर पुष्कळ सुरळीत झालं, हे कबूल केलं पाहिजे. कुठल्या थँक यूला औषध आणि कुठल्याला नुसतं जवळ येऊन बसायचं, हे तिला आतल्या खोलीतूनही कळायचं. कोणी आलं आणि आप्पांनी थँक यू म्हटलं की ती आतून दम द्यायची, "बसा म्हणतायत, बसा. कुठं निघालात?" माणसं गोंधळून पुन्हा टेकायची. दोघांची भांडणंसुद्धा सुरू झाली. मीठ कमी पडलं की आप्पांचं चिडकं थँक यू, आणि ती म्हणायची, "मला नका शिकवू, डॉक्टरने कमी सांगितलंय." पुन्हा थँक यू. "ऐकते हाय, बहिरी नाय." मला हसू यायचं. मला वाटायला लागलं होतं की आता हे असंच चालेल, चालू दे. पण एकदा मी तसं बोलले तर आई म्हणाली, "चालतंय गो. मला सगळं समजतं ते काय म्हणतात. पण माझी हाक ती गेली ती गेलीच." आणि ती वाल सोलत राहिली.

आणखी एक पावसाळा त्यांनी काढला. पावसाळा सरून उन्हं खणखणीत पडायला लागली होती, आई गच्चीवर गोधड्या वाळत घालायला गेली होती, मी कॉलेजातून नुकतीच आले होते. आप्पा झोपल्यासारखे दिसले म्हणून मी आपल्या हाताने वाढून, आवाज न करता जेवून घेतलं. आई खाली आली, हात पुसले आणि दारातून म्हणाली, "काय हो, आज हाक नाय?" ती तिथंच उभी राहिली. मग खाटेकडे गेली आणि त्यांच्या डाव्या हातावर आपला हात ठेवून बसली. मला तिने लगेच सांगितलंच नाही. मी ताट धुवून बाहेर आले तेव्हा म्हणाली, "शेठना बोलाव गो." आवाज अगदी रोजचा होता.

शाळेने शोकसभा घेतली. आम्हाला पुढे खुर्च्या दिल्या होत्या. एकेक जण बोलले, चांगलंच बोलले. कुणीतरी म्हणालं, सरांची वाचा गेली पण कृतज्ञता गेली नाही, अखेरच्या श्वासापर्यंत त्यांच्या मुखी आभाराचेच शब्द होते. लोकांनी माना डोलावल्या. पाठीमागे कुणी तरी हुंदका दिला. आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "हे कुणाबद्दल बोलतात गो?" मला उभं राहून ओरडावंसं वाटलं, की आभार नव्हते ते, त्या माणसाला तहान लागली होती, पाठ दुखत होती, तुम्ही दोन घटका बसायला हवे होतात. आजही महाडात जुनं कुणी भेटलं की मला सरांची ही गोष्ट सांगतं, डोळ्यांत पाणी आणून सांगतं. मी ऐकून घेते. माणसं वाईट नाहीत.

आई कितीतरी महिने घराबाहेर पडली नाही. मग मला नोकरीचं पत्र आलं आणि माझ्यासाठी दोन साड्या घ्यायला मी तिला ओढूनच बाजारपेठेत नेली. दुकानात गर्दी होती. दुकानदाराने आमच्यापुढे साड्या उलगडल्या, आई एकीचा काठ बोटांत धरून पोत बघत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जरा रंग आला होता. मागे दुसऱ्या काउंटरवर दुकानदाराचा मुलगा कुणाला तरी पिशवी बांधून देत होता. गिऱ्हाईक निघालं तसा तो नेहमीच्या सवयीने, जरा मोठ्याने म्हणाला, "थँक यू."

आईने साडी टाकली. "आले, आले," म्हणत, पदर सावरत, माणसांना बाजूला सारत ती गर्रकन त्या काउंटरपाशी जाऊन उभीसुद्धा राहिली. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. "काय पाहिजे, काकी?" त्याने विचारलं.

"काय नाय, रे," ती म्हणाली. "मला वाटलं, मला हाक मारली."